दगडावरचा नवरा

७ सप्टेंबर, रविवार

याग्लिकाने आज एक नवं काम गळ्यात मारलं. याग्लिका आमच्या गावच्या पर्यटन कचेरीची मुख्य आहे. मुख्य आणि एकुलती एक, कारण त्या कचेरीत तिच्याखेरीज फक्त एक हीटर आहे. म्हणाली, "देसा, तू आयुष्यभर भूगोल शिकवलायस. मोक्राची एक पुस्तिका लिहून दे. छोटीशीच. दरी कशी झाली, इतिहास काय, बघण्यासारखं काय. वसंतात पाहुणे यायच्या आत छापून टाकू."

मी आधी आढेवेढे घेतले, पण मनातून खूष झाले. मी मूळची बानातची, सपाट मुलखातली. गुडघे शेकायला म्हणून इथल्या गरम झऱ्यावर आले आणि होडीवाल्या रातोमिरशी लग्न करून राहिले, त्याला अकरा वर्षं झाली. तरी पाववाली अजून मला 'ती मैदानातली' म्हणते. पुस्तिकेवर माझं नाव छापून येऊ दे, मग बघते काय म्हणते.

पहिलं वाक्य लगेच सुचलं. 'डोंगराने स्तुदेना नदीला जेमतेम वाट दिली आणि नदीने त्यातली उरलीसुरली जागा माणसांना दिली, तेच मोक्रा.' रातोमिर अंगणात होडीच्या वल्ह्यांना तेल लावत होता. त्याला वाचून दाखवलं.

"छान आहे," तो म्हणाला. "रोसांदा म्हणायची, ही दरी म्हणजे…"

ती काय म्हणायची ते मी ऐकलं नाही. आत जाऊन भांडी घासली, तीही स्वच्छ असलेली. रोसांदा ही त्याची पहिली बायको. तिला जाऊन चौदा वर्षं झाली, पण तिचं बोलणं काही संपत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पुस्तिकेसाठी गावभर फिरले. नसते फिरले तर बरं झालं असतं.

गरम झऱ्यावर गेले, तर तिथली बाई म्हणाली, "आतल्या निळ्या फरश्या रोसांदाने निवडल्यात, हे लिहा हं." वरच्या कड्यावर गेले, जिथून नदीची दोन्ही वळणं एकदम दिसतात. तिथल्या बाकाला सगळं गाव 'रोसांदाचा बाक' म्हणतं, कारण नगरपालिकेच्या मागे लागून तो तिने बसवून घेतला. छोट्या रेल्वेचं जुनं स्टेशन पाडायला माणसं आली होती, तेव्हा तिने म्हणे त्यांना प्लम भरलेले गोड गोळे खाऊ घालून गप्पांत गुंतवलं आणि तोवर स्टेशन वाचवायचा कागद आला. कड्याच्या पोटातल्या मठात तरी सुटका होईल असं वाटलं, तर तिथली म्हातारी जोगीण माझा हात हातात घेऊन म्हणाली, "रातोमिरची बायको ना तू? रोसांदासाठी आम्ही अजून मेणबत्ती लावतो."

गावात मी अकरा वर्षांत काय केलं? गुडघे शेकले.

पुस्तिकेत बाकाचं नाव 'कड्यावरचा बाक' असं लिहिलं. स्टेशन 'गावकऱ्यांनी' वाचवलं. फरश्या निळ्या आहेत, एवढं पुरे.

२० सप्टेंबर, शनिवार

आज रातोमिरबरोबर होडीत गेले, मठापर्यंतचा मार्ग नीट टिपून घ्यायला. होडीत बेलग्रेडचे काही पाहुणे होते. गिधाडांच्या कड्याखाली नदी अगदी अरुंद आणि काळी होते. तिथे आल्यावर रातोमिरने वल्ही थांबवली आणि म्हणाला, "इथून त्या खडकापर्यंत माझी बायको पोहत गेली होती. एप्रिलमध्ये. पैज लावून."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. एक जाडगेला माणूस टाळ्या वाजवत म्हणाला, "शाब्बास बाई! ह्या वयात!"

मला पोहता येत नाही. होडीत बसतानासुद्धा मी डोळे मिटते.

"ह्या नाही," रातोमिर हसून म्हणाला. "आधीची."

मग त्या जाडग्याच्या बायकोने मला अर्धं सफरचंद दिलं. लहान मूल पडलं की देतात तसं. मी ते खाल्लंही. काय करणार?

परतताना वर कबरस्तान दिसलं. आमच्या गावात सपाट जागा अशी एकच आहे आणि ती मेलेल्यांना दिली आहे. आता तीही भरली. नवीन माणसांना बोगद्यापलीकडे नेतात, पेट्रोल पंपाजवळ. वर रोसांदाची कबर आहे, तिच्यावर काळा गुळगुळीत दगड. त्याच्यावर डावीकडे रोसांदाचा चेहरा कोरलेला, हसरा. उजवीकडे रातोमिर, दाट मिशीवाला, कोट घातलेला. त्याच्या नावाखाली जन्माचं साल, मग एक आडवी रेघ, आणि पुढे रिकामी जागा. इथे सगळे असंच करतात. जोडीतलं एक गेलं की दुसऱ्याचा चेहराही लगेच कोरून घेतात, दगड पुन्हा आणायला नको म्हणून. बानातमध्येही करतात, पण तिथे मी कुणाची दुसरी बायको नव्हते.

दर शनिवारी रातोमिर रोसांदाच्या आईला, पेत्रियाआजींना, हात धरून तिथे वर नेतो. तो त्यांना 'आई' म्हणतो आणि त्या त्याला 'जावई'. मला बघितलं की म्हणतात, "काय गं पोरी." नाव घेत नाहीत.

२७ सप्टेंबर, शनिवार

भांडण झालं. लाल मिरच्या भाजून हिवाळ्याची चटणी करायचा दिवस होता. सगळ्या गावात तोच वास. मी भाजत होते, रातोमिर सालं काढत होता.

मी विचारलं, "मेल्यावर तू कुणाचा?"

"मेल्यावर मी कुणाचाच नसेन, देसा."

"दगड तर तसं म्हणत नाही."

तो सालं काढतच राहिला. मी म्हटलं, "होडीत तिचं, बाकावर तिचं, वर दगडावर तिचं. मला कुठे ठेवणार आहेस? त्या पंपाजवळ, एकटीला, ट्रकवाल्यांच्या सोबतीला?"

"तुला काय हवंय, ते सांग."

"तू माझ्याबरोबर हवायस. बोगद्यापलीकडे. आणि लोकांसमोर ते 'माझी बायको पोहली, माझी बायको पोहली' बंद कर. तुझी बायको इथे मिरच्या भाजतेय."

कढईतलं खाली लागेल म्हणून तो बराच वेळ ढवळत बसला. मग म्हणाला, "तिथे नदी ऐकू येत नाही."

"मेलेल्या माणसाला काय ऐकायचंय?"

"खरंय," म्हणाला. "बरं."

नुसतं 'बरं'! मला वाटलं होतं तो वाद घालेल, निदान चिडेल तरी. बानातला माझ्या बहिणीकडे आम्ही गेलो होतो तेव्हा ह्या माणसाला झोप येईना, म्हणून त्याने न्हाणीघरातला नळ थोडासा सोडून ठेवला होता. बहीण अजून हसते. असला माणूस 'बरं' म्हणाला, म्हणजे मला गप्प करायला म्हणाला असणार. मी काही इतकी भोळी नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

काठावर उभी होते. होडी कड्याखाली आली की दरीत आवाज घुमतो, काठावरही स्पष्ट ऐकू येतो. रातोमिर पाहुण्यांना सांगत होता, "इथून त्या खडकापर्यंत एक बाई पोहत गेली होती."

एक बाई.

मला हवं होतं तेच झालं. मग घरी येऊन माझं डोकं का दुखत होतं, कुणास ठाऊक. दुपारी पेत्रियाआजी एकट्याच काठी टेकत वर जाताना दिसल्या. रातोमिर घरातच बसून होता. "आज नाही गेलास?" मी विचारलं. "पुढच्या वेळी जाईन," म्हणाला. मीच जिंकले, असं म्हणायला हवं.

पुस्तिकेतला इतिहासाचा भाग पूर्ण केला. रोमन रस्ता, तुर्कांचा पहारा, छोटी रेल्वे, तो मोठा पूर. एकाही ओळीत ती नाही. वाचायला जरा कोरडं झालंय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

याग्लिका धापा टाकत आली. कड्यावर जाणारी नवी पायवाट कबरस्तानावरून जाते, ती बघायला गेली होती. दारातूनच म्हणाली, "देसा, वर काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?"

"रातोमिर कुठेय?"

"होडीवर. का?"

"दगडावर कुठेय, ते विचारतेय मी!"

मी तशीच निघाले, घरातल्या चपलांवर. गुडघ्यांनी रस्ताभर शिव्या दिल्या.

डावीकडे रोसांदा आहे तशी आहे. उजवीकडे रातोमिर होता तिथे काही नाही. काळा दगड घासून काढलाय. बाकीचा दगड आरशासारखा, आणि तेवढाच चौकोन मळकट, जरा खोलगट. नाव गेलं, साल गेलं, ती आडवी रेघही गेली. चौकोनाकडे झुकलेलं रोसांदाचं डोकं मात्र तसंच. इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं की ती त्याच्या बाजूला थोडी कलून हसते आहे. आता ती कलून हसते आहे, पण बाजूला कुणीच नाही.

घरी आल्यावर रातोमिरला म्हटलं, "हे मी सांगितलं नव्हतं."

"तू म्हणालीस बोगद्यापलीकडे. एक माणूस दोन दगडांवर कसा असेल?"

"अरे पण खरवडून काढायचं?"

"नाहीतर तुझा विश्वास बसला नसता," म्हणाला आणि होडीचा दोर वाळवायला गेला.

म्हणजे हा माझाच दोष! मला राग आला. अजून आहे. आणि एवढं करूनही तो मला आनंदी का दिसत नाही, याचाही राग आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पाववालीने सुट्टे पैसे हातात न देता बाजूला ठेवले. मैदानातलीसुद्धा म्हणाली नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

पेत्रियाआजी घरी आल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. वय चौऱ्याऐंशी, आवाज कोंबडीसारखा, नजर त्याहून तिखट. मी कॉफी ठेवली. मुरंबा पुढे केला, तर म्हणाल्या, "साखर जास्त झालीय." पण सगळा संपवला.

मी सरळ म्हटलं, "तुम्ही मला बोलायला आलात ना? बोला."

"मी कशाला बोलू? जावई विचारायला आला होता मला. आई, असं असं करू का म्हणून. मी म्हटलं, जिवंत बाईचं ऐक, मेलेली काही भांडत नाही."

मी त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"पण असं भोक दिसेल, हे मला ठाऊक नव्हतं," आजी म्हणाल्या. "दात पाडल्यासारखं. त्यात काहीतरी घाल बाई. फुलदाणी कोर, द्राक्षाचा वेल कोर. बघवत नाही."

"जुना फोटो असेल ना तुमच्याकडे? तो मिशीवाला? दगडवाल्या त्रिफुनला देऊ, परत कोरेल." हे माझ्याच तोंडून गेलं. कसं गेलं, मलाच कळलं नाही.

आजींनी कप खाली ठेवला. "त्या मोठ्या पुरात माझी पेटी गेली, फोटोंसकट. ह्याचंही खालचं घर धुऊन गेलं. दोघांचं मिळून जे होतं ते तेवढंच राहिलं होतं, दगडावरचं."

मग त्या उठल्या. दारात म्हणाल्या, "येते, देसांका."

माझं नाव घेतलं, तेही पूर्ण. आज घ्यायला नको होतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

त्रिफुनच्या दगडांच्या कारखान्यात गेले. रातोमिरला सांगितलं नाही. त्रिफुन सगळा पांढऱ्या भुकटीने माखलेला.

"वहिनी, मला वाटलं तुम्हीच पाठवलंय त्याला," म्हणाला. "मी म्हटलं सुद्धा, बाबा रे, दगडावरून नवरा काढायचं काम आमच्या तीन पिढ्यांत कुणी केलेलं नाही. बायका जिवंतपणी सोडून जातात, इथून कुणी जात नाही. तर म्हणाला, काढ."

"आणखी काय म्हणाला?"

"काही नाही. मी घासत होतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर त्याने आपली टोपी धरून ठेवली होती. भुकटी बसू नये म्हणून म्हणे. नंतर पाण्याने पुसूनही काढला."

हे ऐकल्यावर मला तिचा इतका हेवा वाटला की तिथल्या एका अर्धवट कोरलेल्या देवदूतावर बसावं लागलं. मी मेले तर माझ्या चेहऱ्यावर कोण टोपी धरेल? तीच टोपी त्याने धरली असती माझ्यावरही, हे मला समजतं. समजून काय उपयोग?

"तिथे वेल कोरता येईल?" मी विचारलं.

"येईल. लोक म्हणतील, नवऱ्याचा वेल झाला."

"मग परत त्यालाच कोर."

त्रिफुनने हातातली छिन्नी खाली ठेवली. "तो तिथे झोपणार मग? वर?"

"त्याला नदी लागते," मी म्हटलं. "तिकडे आम्हाला नळ कोण सोडून ठेवणार?"

त्याला काही समजलं नाही. डोकं खाजवून म्हणाला, "घासलेल्यावर पॉलिश करून कोरतो. थोडा खोलगट राहील, पण नजरेत येणार नाही. फोटो द्या फक्त. समोरून, स्पष्ट. पितरांच्या शनिवारच्या आत करून देतो, म्हणजे सगळं गाव वर येईल तेव्हा दगड पुरा असेल."

रात्री जेवताना रातोमिरला सांगितलं. त्याचा चमचा थांबला. "आणि तू?"

"माझं मी बघेन."

झोपण्यापूर्वी त्याने माझ्या गुडघ्यांना रकिया, ती घरची फळांची दारू, चोळून दिली. रोजच्यापेक्षा जास्त वेळ.

२६ ऑक्टोबर, रविवार

फोटो शोधायला बसले आणि नको ते डोक्यात आलं.

तो मिशीवाला, कोटवाला रातोमिर मी कधी पाहिलाच नव्हता. तो तिचा होता. तो मी पुसून टाकला. आता तिला परत द्यायला माझ्याकडे तो नाही. माझ्याकडे आहे तो हा, चष्मेवाला, अर्ध्या टकलाचा, डाव्या कानाने कमी ऐकणारा. म्हणजे माझा. जो एवढा एकच पूर्णपणे माझा होता, ज्याला तिने कधी पाहिलं नाही, तोच तिच्या शेजारी जाऊन बसणार. आणि हे करणारी मीच.

आधी मी मुद्दाम वाईट फोटो काढून ठेवला. माझ्या बहिणीच्या मुलाच्या लग्नातला, डोळे मिटलेला, तोंडात डुकराच्या मांसाचा तुकडा. म्हटलं, घे, हा घे. दुपारपर्यंत तोच टेबलावर होता.

मग बदलला. तिच्यासाठी नाही. दगड कायमचा असतो आणि येणारे-जाणारे म्हणतील, हिने नवऱ्याला उपाशी ठेवलं होतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

याग्लिकाला पुस्तिका दिली. तिने उभ्या उभ्या वाचली. "चांगली आहे," म्हणाली, "पण वाचून यावंसं वाटत नाही गं. गावात कुणी राहतच नाही असं वाटतं."

मी तिच्या हातातून कागद ओढून घेतले. कड्यावरच्या बाकाला रोसांदाचा बाक केलं. स्टेशनच्या परिच्छेदात प्लमचे गोळे घातले. नदीच्या भागात एप्रिलमधली पैज घातली आणि 'एक बाई' न लिहिता नाव लिहिलं. माझ्या सगळ्या वाक्यांत हीच वाक्यं चांगली उतरली, मला कबूल आहे. दात ओठ खाऊन कबूल आहे.

फरश्यांचं मात्र लिहिलं नाही. निळा रंग कुणीही निवडला असता.

१ नोव्हेंबर, शनिवार

पितरांचा शनिवार. सगळं गाव वर होतं. प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या, शिजवलेले गोड गहू, पाव, रकिया. थोडी जमिनीवर ओतायची, बाकीची आपण प्यायची. मीही गहू शिजवून नेले होते. पेत्रियाआजींनी चाखले. "साखर कमी झालीय," म्हणाल्या.

त्रिफुनने काम नीट केलंय. चौकोन दिसतो, पण शोधला तर. आजींनी दगडावरच्या रातोमिरच्या टकलावरून बोट फिरवलं, मग खऱ्या रातोमिरकडे वळून म्हणाल्या, "म्हातारा झालास की रे, जावई." शेजारच्या कबरीपाशी उभा असलेला कुणीतरी हळूच म्हणाला, "बापलेकीसारखे दिसतात." पाववाली हसू दाबत होती, पण मला पाव पुढे केला. हातात दिला.

त्रिफुन दगडाची उजवी कड दाखवत म्हणाला, "वहिनी, इथे वीतभर जागा आहे. खालीही बसवता येतं, आमच्याकडे एकावर एक ठेवतात, जमीनच नाही तर काय करणार. तुमचं कोरायचं का?"

"तिच्या शेजारी?"

"नाही, त्याच्या शेजारी. तो मध्ये."

"राहू दे तूर्त," मी म्हटलं. "अजून भांडून घ्यायचंय मला."

रातोमिर गालातल्या गालात हसला आणि आजींना खुर्ची आणायला गेला. सगळे आपापल्या मेणबत्त्यांत गुंतले, तेव्हा मी दगडासमोर एकटीच उभी होते आणि प्रथमच नीट पाहिलं. रोसांदा शहरातल्या कुठल्याशा फोटोवाल्याकडे बघून हसते आहे, मान रातोमिरच्या बाजूला कलवून. तिची मान आता परत कुणाकडे तरी कललेली आहे. असू दे.

पण तो? त्याचा फोटो होडीतला आहे. मी त्याच्या समोर, दुसऱ्या टोकाला बसले होते. घाबरून एका हाताने काठ धरला होता आणि दुसऱ्या हाताने फोटो काढला होता. तो मला म्हणत होता, डोळे उघड गं, कुठे बघून काढतेयस? आणि हसत होता.

मी डावीकडे सरकून पाहिलं. मग उजवीकडे सरकून पाहिलं. कुठूनही पाहिलं तरी तो माझ्याकडेच बघतो.

झोप तू त्याच्या शेजारी, रोसांदा. जन्मभर झोपलीस, मेल्यावरही झोप. बघत तो माझ्याकडे राहील.